सोळा आण्यांतून बाहेर

एक रुपया तिघांत सारखा वाटायचा असेल तर आज तो वाटता येत नाही. प्रत्येकाला तेहतीस पैसे दिले की एक पैसा हातात उरतो. १९५७ सालच्या मार्चअखेरीपर्यंत ही अडचण नव्हती. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, म्हणजे एका रुपयाच्या १९२ पै. तिघांना प्रत्येकी ६४ पै, अर्थात पाच आणे चार पै. बाकी शून्य.

त्या चलनाला आज आपण सर्रास किचकट म्हणतो. ज्यांचा जन्म त्यात गेला त्यांना ते किचकट वाटत नसे, आणि त्यामागे भाबडेपणा नव्हता. केळी आठ आणे डझन असतील तर एक केळं आठ पैला. डझनाचे जितके आणे, तितक्या एका नगाच्या पै. भागाकार करायचाच नाही. धान्य वीस रुपये मण असेल तर शेराला आठ आणे, दहा रुपये मण असेल तर चार आणे, पाच रुपये असेल तर दोन. रुपया निम्मा करत गेलं की अधेली, पावली, चवली, आणा, अर्धा आणा आणि शेवटी पैसा. वाटेत कुठेही अपूर्णांक अंगावर येत नाही. शेराचंही तसंच. निम्मा म्हणजे अच्छेर, त्याचा निम्मा पावशेर, त्याचा निम्मा नवटाक, त्याचा निम्मा छटाक. तराजूच्या दोन पारड्यांत धान्य सारखं केलं की ते निम्मं झालं, त्यासाठी वेगळं वजनही लागत नाही. नुसत्या तराजूवर दहावा भाग काढून दाखवा पाहू.

म्हणजे जुनी पद्धत हाताच्या सोयीची होती. नवी, दशमान पद्धत कागदाच्या सोयीची आहे. बेरजेत, टक्केवारीत, व्याजात, कारखान्याच्या नकाशात ती कितीतरी सरस ठरते, याबद्दल वाद नाही. पण बाजारात उभ्या असलेल्या माणसाच्या हातात कागद नव्हता. त्याच्या डोक्यात पाढे होते. नुसते दोन ते तीसचे पाढे नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. दिवेलागणीला शुभंकरोती झाली की परवच्यात हे सगळं मोठ्यानं म्हणायचं, आणि चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. अशी दहा-बारा वर्षं घोटून तयार झालेला माणूस दुकानात गेला की दुकानदार आकडा सांगायच्या आत त्याच्या मनात आकडा तयार असे.

आणि मग १ एप्रिल १९५७ च्या सोमवारपासून औटकी येणारा माणूस आणि ती न येणारा माणूस जवळजवळ एका पातळीवर आले.

बदलाविषयी लिहिणारे लोक सहसा हा माणूस विसरतात. 'कम्फर्ट झोन' हा शब्द आता मराठीत इतका मुरलाय की ऑफिसच्या प्रशिक्षणात, दहावीच्या निरोप समारंभात आणि व्हॉट्सॲपवरच्या सकाळच्या संदेशात तो हमखास भेटतो. त्यातलं चित्र ठरलेलं असतं: एक आळशी, घाबरट माणूस उबदार वर्तुळात बसलाय आणि बाहेर संधी वाट पाहतेय. धाडस करा, उडी मारा. हे चित्र मला कायम अर्धवट वाटत आलं आहे. बहुतेक माणसं जुन्या पद्धतीला चिकटून राहतात ती तिथे ऊब आहे म्हणून नाही, तर तिथे त्यांना काम येतं म्हणून. बदल म्हटला की आधी जाते ती कमावलेली हुशारी. चाळीस वर्षं वह्या लिहिलेला दिवाणजी रातोरात शाळकरी पोराच्या रांगेत येऊन बसतो, आणि पोर त्याच्यापेक्षा लवकर शिकतं. याला भित्रेपणा म्हणणं हा अन्याय आहे.

संशोधनही याच्या आसपासच फिरतं. १९८८ साली विल्यम सॅम्युएलसन आणि रिचर्ड झेकहाउझर या अर्थतज्ज्ञांनी 'आहे ते असू द्या' या मानवी कलावर एक निबंध लिहिला. त्यात प्रयोगांबरोबर हार्वर्ड विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांनी निवडलेल्या आरोग्यविमा योजनांची पाहणीही होती. नव्यानं नोकरीला लागलेले लोक नव्या योजना घेताना दिसत होते; जुने कर्मचारी मात्र योजना बदलायची मुभा असूनही बहुतांशी आपल्या जुन्याच योजनेत राहत होते. नवी योजना वाईट असती तर नव्या लोकांनीही ती टाळली असती. जुन्यांना अडवत होती ती फक्त आधी केलेली निवड.

दुसरा एक प्रयोग तर या विषयावरच्या पुस्तकांतून इतका उगाळला गेला आहे की त्याचं मूळ रूप कुणाला आठवत नाही. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ साली तो केला, आणि तो माणसांवर नव्हता, उंदरांवर होता. स्वतःभोवती गिरक्या घेणाऱ्या एका जातीच्या उंदरांना पांढरी आणि काळी अशा दोन पेट्यांतून पांढरी निवडायला शिकवायचं होतं. काळीत पाय टाकला की विजेचा झटका. दोन पेट्यांतला फरक ठळक असला तर झटका जितका मोठा तितका उंदीर लवकर शिके. फरक ओळखायला कठीण केला तर मात्र मध्यम झटकाच उपयोगी पडे. जोरदार झटक्यानं शिकणं उलट लांबत जाई. 'थोडा ताण माणसाला पुढे नेतो' एवढाच भाग प्रेरक भाषणांत पोचला. काम अवघड असेल तर ताण कमी हवा, हा त्याच प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग वाटेत गळून पडला. माझ्या मते तोच जास्त मोलाचा होता, कारण मोठे बदल म्हणजे बहुतेक वेळा अवघड कामच असतं.

भारतानं हा अवघड पेपर कसा सोडवला, ते पाहण्यासारखं आहे. दशमान पद्धतीचा विचार स्वतंत्र भारताला अचानक सुचला नव्हता. १८७१ सालीच ब्रिटिश सरकारनं किलोग्रॅमएवढा 'शेर' प्रमाण मानणारा कायदा केला होता. तो पुस्तकातच राहिला. १९४६ साली दशमान नाण्यांचं विधेयक आलं, तेही मंजूर झालं नाही. कोलकात्याचे फणींद्रनाथ सेठ यांनी इंडियन डेसिमल सोसायटीच्या मार्फत वर्षानुवर्षं याच एका गोष्टीचा पिच्छा पुरवला. अखेर १९५५ साली नाण्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली, आणि अंमलबजावणीसाठी तारीख निवडली गेली १ एप्रिल १९५७. आर्थिक वर्षाचा पहिला दिवस. जुन्या वह्या तशाही त्याच सुमारास मिटायच्या होत्या.

कायदा आणि अंमल यांच्यात दीड वर्षाहून जास्त काळ सोडला होता. नाणी आली तीही एकदम परकी नव्हती. जुन्या आण्याची कड नागमोडी होती आणि दोन आण्यांचं नाणं चौकोनी. नव्या मालिकेत दहा पैशांची कड नागमोडी ठेवली आणि पाच पैसे चौकोनी. अंधारातही बोटांना ओळखीचं काही सापडावं अशीच ही रचना होती. प्रत्येक नाण्यावर ते रुपयाचा कितवा भाग आहे हे हिंदीत लिहिलेलं: एका पैशावर सौवाँ भाग, पाचावर बीसवाँ, दहावर दसवाँ. नाण्यानंच आपली ओळख करून द्यायची. आणि नाव? 'नया पैसा'. जुना पैसा अजून खिशात होता, रुपयाचे असे चौसष्ट. नव्याला 'नया' म्हटलं नाही तर भांडणं होणार हे उघड होतं. पुढे जुनी नाणी बाजारातून जवळजवळ गेली, गोंधळाची भीती ओसरली, आणि १ जून १९६४ पासून 'नया' हा शब्द गळाला. सात वर्षं तो बिचारा वाटाड्याचं काम करत होता.

(ब्रिटननं हेच काम १५ फेब्रुवारी १९७१ ला केलं, आपल्यानंतर जवळपास चौदा वर्षांनी. त्यांचा पौंड २४० पेन्सचा होता, तो शंभरचा झाला. त्यांनीही नाण्यांवर 'नवे पेन्स' असं छापलं, आणि १९८२ पासून 'नवे' काढून टाकलं. ज्यांनी आपल्याला आणे-पैचा हिशेब दिला, असं आपण समजतो, ते स्वतःच अजून शिलिंगात अडकले होते.)

खरा पेच होता तो मधल्या आकड्यांचा. चार आणे म्हणजे नेमके पंचवीस नवे पैसे, आठ आणे म्हणजे पन्नास. तिथे कुणाचं काही अडलं नाही. पण एक आणा म्हणजे सव्वासहा. दोन आणे म्हणजे साडेबारा. तीन आणे म्हणजे पावणेएकोणीस. पाव पैशाचं नाणं कुठून आणणार? नियम असा होता की अर्धा किंवा त्याहून कमी अपूर्णांक सोडून द्यायचा, अर्ध्याच्या वर असेल तर पूर्ण एक धरायचा. म्हणजे एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस. कागदावर हे रास्त आहे. आता एकेका आण्याच्या आठ वस्तू घेणारं गिऱ्हाईक डोळ्यांपुढे आणा. आठही वस्तूंचा हिशेब एकदम केला तर आठ आणे, म्हणजे पन्नास नवे पैसे. एकेक वस्तू सुटी धरली तर आठ सक अठ्ठेचाळीस. आणि दुकानदारानं प्रत्येक आण्याला सात लावले तर छप्पन्न. एकाच खरेदीचे तीन हिशेब, आणि तिन्ही आपापल्या जागी खरे वाटणारे. आधी बेरीज, मग रूपांतर हे ज्याला कळलं तो सुटला. ज्याला कळलं नाही तो दुकानदारावर संशय घेत घरी गेला.

१ एप्रिल १९५७ लाच टपाल खात्याची भारताच्या नकाशाची नवी तिकिटं आली, किमती नव्या पैशांत. त्या मालिकेत तेरा नव्या पैशांचं एक तिकीट आहे. दोन आण्यांचे होतात साडेबारा. हा अर्धा पैसा लहान दिसतो, पण बदलाविषयीचा राग नेहमी अशा अर्ध्या पैशापाशीच साठतो. नव्या पद्धतीला कुणाचा तत्त्वतः विरोध नसतो. बदलाच्या गडबडीत आपल्याला कुणीतरी गंडवतंय, ही शंका मात्र प्रत्येकाला असते. ती शंका बऱ्याचदा खरीही असते. म्हणून बदल घडवणाऱ्यानं धैर्याचे धडे देण्याआधी अर्ध्या पैशाचा हिशेब चोख दाखवावा, असं मला वाटतं.

नाण्यांपाठोपाठ वजनं. १९५६ च्या अखेरीस संसदेनं वजनमापांचा कायदा केला, १ ऑक्टोबर १९५८ पासून निवडक भागांत अंमल सुरू झाला आणि १ एप्रिल १९६२ पासून वजनाच्या बाकी साऱ्या पद्धती देशभर बेकायदा ठरल्या. इथे गाठ नाण्यांपेक्षा घट्ट होती, कारण नाणं देशभर एक होतं, वजन तसं नव्हतं. खेड्यापाड्यांत केलेल्या पाहणीत वजनांच्या शंभराहून जास्त पद्धती आढळल्या. प्रमाण शेर ८० तोळ्यांचा, सुमारे ९३३ ग्रॅम. मण ४० शेरांचा, सुमारे ३७.३ किलो. पण मुंबईचा जुना मण होता २८ पौंडांचा, म्हणजे जेमतेम पावणेतेरा किलो. आपल्याकडे धान्य तर तोलण्यापेक्षा मापूनच द्यायची रीत. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पायलीपर्यंत सगळे सुखानं एकत्र येत. त्यापुढे मण कुठे बारा पायल्यांचा, कुठे सोळांचा. शिवाय मापात ज्वारी भरताना ती शिगोशीग भरायची की काठाशी सपाट करायची, हा हुकमी वादाचा विषय.

या विविधतेचं आज कौतुक करावंसं वाटतं, पण ते ज्यांना पोट भरायचं नव्हतं त्यांचं कौतुक. शेतकऱ्याकडून घेताना एक माप आणि त्याला उसनं देताना दुसरं, ही युक्ती सावकारीत जुनी होती, आणि मापांच्या गोंधळातच ती लपत असे. म्हणून नाण्यांच्या बाबतीत मी जुन्या पद्धतीची जितकी बाजू घेतली तितकी इथे घेणार नाही. सवयीतली हुशारी खरी असली तरी ती सगळ्यांकडे सारखी नव्हती. ज्याच्याकडे जास्त होती तो पायलीचा मालक होता.

त्या काळातल्या मराठी माणसाचं नवल वाटतं. १९५६ च्या नोव्हेंबरात तो द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९५७ ला त्याचं नाणं बदललं, १९५८ पासून वजन बदलू लागलं, १९६० च्या मे महिन्यात पुन्हा राज्य बदललं. यातली एकच गोष्ट त्यानं स्वतः मागितली होती. बाकीच्या त्याच्या अंगावर आल्या आणि त्यानं त्या निभावल्या.

कशा निभावल्या, याचं उत्तर भाजीबाजारात मिळतं. नव्या कायद्यानं वजनांची मालिका ठरवली ती एक, दोन, पाच या क्रमानं: ५० ग्रॅम, १००, २००, ५००, मग एक किलो, दोन, पाच. षटकोनी लोखंडी वजनं, त्यावर निरीक्षकाचा शिक्का. या मालिकेत २५० ग्रॅमचं वजन नाही. दशमान पद्धतीत पाव या भागाला खास मान कशाला? पण गिऱ्हाईक 'पावशेर' मागायचं ते 'पाव किलो' मागू लागलं, आणि भाजीवाली २०० आणि ५० अशी दोन वजनं एकत्र टाकू लागली. इतकी वर्षं, कोट्यवधी वेळा. कायद्याला दहाचे भाग हवे होते, लोकांना निम्म्याचं निम्मं. दोन वजनांच्या जोडीनं दोघांचंही काम भागलं. पावली तशीच टिकली. पंचवीस पैशांचं नाणं नेमकं चार आण्यांच्या जागी बसलं आणि त्याला कुणी 'पंचवीस पैसे' म्हटलंच नाही. २०११ च्या जूनअखेर सरकारनं ते चलनातून काढलं तोवर, म्हणजे आणे गेल्यावर चोपन्न वर्षं, लोक 'चार आणे' देत-घेत होते. बदल यशस्वी झाला तो जुनं सगळं पुसून टाकल्यामुळे झाला, असं मला दिसत नाही. पंचवीस, पन्नास आणि पाव किलो अशा काही जागा जुन्या-नव्याला सामाईक निघाल्या, आणि माणसं त्या दगडांवर पाय देत नदी ओलांडून गेली.

प्रत्येक बदलात असे दगड ठेवता येत नाहीत. स्वीडनमध्ये गाड्या रस्त्याच्या डावीकडून चालत. शेजारचे देश उजवीकडून चालणारे, आणि स्वीडनमधल्या बहुतेक गाड्यांची स्टिअरिंगची चाकंही डावीकडे, म्हणजे उजवीकडून चालण्याच्याच सोयीची. तरी १९५५ साली लोकांना विचारलं तेव्हा सुमारे ८३ टक्के मतदारांनी बदल नको म्हणून सांगितलं. १९६३ साली संसदेनं तरीही निर्णय घेतला. आता, नाणी जशी काही वर्षं दोन्ही चालली तशा दोन्ही बाजू चालवता येणार नव्हत्या. आधी ट्रक, मग सहा महिन्यांनी मोटारी, असं केलं तर काय होईल याची कल्पना कुणालाही येईल. म्हणून सारा भर तयारीवर. बदलाच्या दिवसाचं नाव 'दागेन एच' ठेवलं, त्याचं चिन्ह दुधाच्या खोक्यांपासून अंतर्वस्त्रांपर्यंत छापलं, त्यावर गाण्यांची स्पर्धा घेतली. ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे रस्त्यावर असलेली मोजकी वाहनं ४ वाजून ५० मिनिटांनी थांबली, हळूच उजवीकडे सरकली, आणि पाच वाजता निघाली.

पुढचं जास्त मनोरंजक आहे. सगळ्यांना भीती अपघात वाढतील याची होती. प्रत्यक्षात ते घटले. नव्या बाजूची सवय नसल्यानं प्रत्येक जण सावध होता, वेग कमी होता, वळणावर दोनदा बघत होता. मग हळूहळू हात बसला, माणसं निर्धास्त झाली, आणि १९६९ पर्यंत अपघातांचं प्रमाण पूर्वीच्या पातळीवर परत आलं. अवघडलेपणा होता तोवर तोच त्यांना सांभाळत होता. सवयीबाहेर पडलेल्या माणसाचं भांबावणं हा दोष मानून ते लवकरात लवकर घालवायचा आपला प्रयत्न असतो. स्वीडनच्या रस्त्यांवर त्या भांबावण्यानं काही जीव वाचवले असणार.

आणि अमेरिका. तिथे १९७५ साली मेट्रिक पद्धतीकडे वळण्याचा कायदा झाला, पण ऐच्छिक. ज्याला वळायचं त्यानं वळावं. त्यासाठी नेमलेलं मंडळ १९८२ साली गुंडाळलं गेलं. आजही तिथे हमरस्त्यावर मैल आहेत, भाजीच्या दुकानात पौंड, आणि प्रयोगशाळेत ग्रॅम. इच्छेवर सोडलेला बदल रेंगाळतो यात नवल नाही. दुकानदार म्हणतो गिऱ्हाईक आधी, गिऱ्हाईक म्हणतं दुकानदार आधी. भारतात १ एप्रिल १९६२ ही तारीख होती, आणि तिच्यानंतर शेर वापरणं गुन्हा होता. आधी सवड भरपूर आणि शेवटी दार बंद, असा तो क्रम होता. नुसती सवड दिली असती तर आपणही बहुधा अमेरिकेसारखे दोन्हींत अडकलो असतो.

एकट्या माणसाच्या आयुष्यालाही हे पुष्कळसं लागू पडतं, फक्त तिथे संसद आणि निरीक्षक दोन्ही आपणच असतो. पन्नाशीत संगणकावर हिशेब शिकणारा लेखनिक, नवऱ्याच्या पश्चात बँकेत पहिल्यांदा एकटी जाणारी बाई, परगावी नोकरीला लागलेला मुलगा. यांना 'उडी मार' असं सांगणाऱ्यांची कमतरता नसते. त्यांच्या जुन्या जगातलं नेमकं काय नव्यात चालेल, ते शोधून देणारं माणूस विरळा. ती बाई घरखर्चाची वही वर्षानुवर्षं लिहीत आली असेल तर बँकेचं पासबुक तिला अपरिचित नाही. जमा-नावे तिला येतंच, फक्त रकाने बदललेत. हे कुणीतरी तिला पहिल्या दिवशी सांगायला हवं. आणि जुनी वही कधी मिटायची ती तारीखही तिनंच ठरवायला हवी, नाहीतर दोन्ही वह्या जन्मभर चालू राहतात आणि एकीचाही मेळ लागत नाही.

मागे राहिलेलं सगळंच निरुपद्रवी असतं असंही नाही. सोन्याच्या दुकानात आपण अजून तोळ्यात बोलतो. खरा तोळा ११.६६ ग्रॅमचा, दुकानातला तोळा आज दहा ग्रॅमचा. आजीच्या पाच तोळ्यांच्या पाटल्या आणि सुनेच्या पाच तोळ्यांच्या पाटल्या यांत आठ ग्रॅमहून जास्त फरक पडतो, आणि नाव दोन्हींचं एकच. पावती ग्रॅममध्येच असल्यानं फसवणूक कुणाचीच होत नाही, पण घरातल्या वाटण्यांत मात्र हा तोळा अधूनमधून आवाज चढवायला लावतो. जमिनीच्या बाबतीत नशीब बरं. सातबारावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असतं, गावात बोलणं गुंठ्यात. तेहतीस फूट बाय तेहतीस फुटांचा गुंठा १०१ चौरस मीटरचा आणि आर शंभरचा, म्हणून तलाठ्याचा आर आणि शेतकऱ्याचा गुंठा एकमेकांना फारसे बोचत नाहीत. वाळू-खडी आजही ब्रासमध्ये येते, शंभर घनफुटांचा एक ब्रास; तिथे दशमान पद्धत ट्रकपर्यंत पोचलेलीच नाही.

शहरात घर घेणाऱ्यांचं तर अजून चालूच आहे. महारेराच्या नोंदीत सदनिकेचं चटई क्षेत्र चौरस मीटरमध्ये लिहिलेलं असतं. जाहिरातीत चौरस फूट. विकणारा आणि घेणारा समोरासमोर बसतात तेव्हा कागद मीटर सांगतो, तोंडं फूट बोलतात, आणि दोघेही आपापल्या मोबाइलवर १०.७६ नं गुणून पाहतात.